चाचण्यांचे निकाल आधी शाळेत वाचा

जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीचे प्रोसिडिंग बुक चाळले, तर विषय बहुधा ठरलेले असतात. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, पोषण आहाराचा धान्यसाठा, गणवेश, शौचालयाची दुरुस्ती, शाळा अनुदानाचा खर्च आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. हे सगळे लागतेच. त्याशिवाय शाळा चालत नाही. पण त्याच शाळेत वर्षातून तीनदा राज्याकडून छापील प्रश्नपत्रिका येतात. मुले त्या सोडवतात, शिक्षक तपासतात, गुण ऑनलाइन भरतात आणि विषय तिथेच संपतो. आपली मुले वाचायला शिकली का, त्यांना वजाबाकी येते का, याचे शाळेत असलेले सर्वांत ताजे उत्तर पालकांच्या बैठकीत क्वचितच वाचले जाते.

या चाचण्या कशासाठी आहेत, त्यांतून काय कळते, काय कळत नाही आणि पालकांच्या समितीने त्यांचे काय करायचे, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख.

समितीत कोण असते, तिला अधिकार कोणते

महाराष्ट्रात प्राथमिक शाळांचा स्थानिक कारभार पूर्वी स्कूल बोर्डांकडे होता. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण भागातील शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत शिक्षण मंडळे त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. शिक्षण हक्क कायद्यानंतर तीही संपुष्टात आली. आज शाळेच्या सर्वांत जवळची लोकांची संस्था म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

ही समिती शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार स्थापन होते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती असते. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही.

चाचणी घ्यायची की नाही, प्रश्न कोणते काढायचे, हे ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. तो राज्याचा. पण शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कायदेशीर कामे आहेत. त्याच कायद्याचे कलम २४ शिक्षकाच्या कर्तव्यांविषयी आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि मुलाची हजेरी व प्रगती पालकांना नियमित बैठका घेऊन सांगणे, ही दोन्ही कर्तव्ये तिथे स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यामुळे निकाल मागणाऱ्या पालकाने संकोच करण्याचे कारण नाही. ते त्याला कायद्यानेच देणे लागते.

परीक्षा, चाचणी आणि सर्वेक्षण: तिन्हींचे काम वेगळे

बैठकीत गोंधळ होतो तो बहुतेक इथेच. मुलाला सोडवायला दिलेला प्रत्येक कागद परीक्षा मानला जातो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी चालू असतात.

पहिली वार्षिक परीक्षा. मूल पुढच्या वर्गात जाणार का, हे तिच्यावर ठरू शकते. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता अशी आहे.

दुसरी नियतकालिक मूल्यांकन चाचणी. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तिच्या प्रश्नपत्रिका तयार करते. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे तिचे विषय. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मध्यावर पहिली संकलित आणि शेवटी दुसरी संकलित, असा तिचा क्रम आहे. पायाभूत चाचणी मागील इयत्तेच्या अभ्यासावर असते, म्हणजे मूल नव्या वर्गात कोणती शिदोरी घेऊन आले ते तिच्यातून दिसावे ही अपेक्षा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत ती होते. गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे असतात. जागतिक बँकेच्या मदतीने सहा राज्यांत राबवलेल्या स्टार्स प्रकल्पाचा हा भाग आहे.

तिसरे सर्वेक्षण. यात सगळी मुले नसतात, नमुना म्हणून निवडलेली काही शाळांतील किंवा काही घरांतील मुले असतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची २१ लाखांहून अधिक मुले होती. देशातील ७४ हजारांवर शाळांतून ती निवडली गेली. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण याहून निराळे. त्यात कार्यकर्ते खेड्यांतील घरोघरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात.

सर्वेक्षणावरून देशाचा, राज्याचा, फार तर जिल्ह्याचा अंदाज येतो. आपल्या शाळेविषयी त्यातून काही कळत नाही. 'जिल्हा खाली गेला' अशी बातमी वाचून गावातील शिक्षकांना जाब विचारणे जितके चुकीचे, तितकेच 'जिल्हा वर आला' म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे.

पंधरा वर्षांत धोरण कसे फिरले

शिक्षण हक्क कायद्याने दोन मोठे बदल केले. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचे नाही आणि कलम ३० प्रमाणे तोवर बोर्डाची परीक्षा घ्यायची नाही. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. पहिली-दुसरीला वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार. वरच्या वर्गांत लेखी भाग वाढत जातो आणि सातवी-आठवीला हे प्रमाण ४० आणि ६० होते.

कल्पना चांगली होती. मुलाकडे वर्षभर पाहायचे, एका दिवसाच्या पेपरवर त्याचे भवितव्य सोडायचे नाही. पण अनेक ठिकाणी नोंदवह्या भरल्या आणि शिकवणे होते तिथेच राहिले. 'नापास करायचे नाही' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. 'प्रत्येकाला शिकवायचे' हा कायद्याचा दुसरा अर्धा भाग मागे पडला.

२२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि त्याबरोबर राज्यभर सारख्या पायाभूत व संकलित चाचण्या. २०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची व गरज पडल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली आणि २०२३-२४ पासून या परीक्षा सुरू झाल्या. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० गुणांचा.

दरम्यान २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरी, पाचवी आणि आठवीला मूल्यमापनाचे टप्पे सुचवले. या परीक्षांचे निकाल शाळा सुधारण्यासाठीच वापरावेत आणि शाळेचा एकूण निकाल मुलांची नावे न देता लोकांसमोर ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. समितीच्या दृष्टीने धोरणातील हा सर्वांत उपयोगी मुद्दा आहे.

निकालाला पैसा बांधला की काय होते

चाचणीचे निकाल चांगले लागले तर बक्षीस, वाईट लागले तर शिक्षा, ही सूचना दर काही वर्षांनी पुढे येते. ऐकायला ती सरळ वाटते. आपल्याकडे तिचा अनुभव फार जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत होती. तपासनीस येऊन मुलांची परीक्षा घेई आणि त्यावर शाळेचे पैसे ठरत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीला विरोध केला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्याच्यासाठी ही पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजावणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या मुलांना शाळेची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडेच ही पद्धत पाठ फिरवते, हे फुले यांनी तेव्हाच ओळखले होते.

अमेरिकेतील अनुभव अलीकडचा आहे. २००२ मध्ये तिथे लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी सक्तीची केली. लक्ष्य गाठू न शकलेल्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार आली. अटलांटा शहरात काय घडले ते २०११ च्या चौकशी अहवालात उघड झाले. शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली होती. ४४ शाळांतील १७८ जणांची नावे त्या अहवालात होती. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो कायदा बदलून राज्यांना अधिक मोकळीक देण्यात आली.

त्या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान झाले ते मुलांचे. खोट्या गुणांमुळे ती 'येते' या रकान्यात गेली आणि त्यांना हक्काचा जादा तास मिळाला नाही.

एका वजाबाकीतून काय दिसते

चाचणी उपयोगी कशी पडते, हे एका प्रश्नावरून पाहू. तिसरी-चौथीच्या मुलांना उदाहरण दिले: ६३ वजा २८. उत्तर ३५.

काही मुले ९१ लिहितात. त्यांनी बेरीज केली. चिन्हाकडे लक्ष गेले नाही किंवा दोन संख्या दिसल्या की बेरीज करायची अशी सवय आहे. काही मुले ४५ लिहितात आणि इथे खरी गंमत आहे. एका मुलाने एककाच्या घरात तीनातून आठ जात नाहीत म्हणून उलटे केले, आठातून तीन वजा केले, पाच लिहिले. मग सहातून दोन गेले, चार. उत्तर ४५. दुसऱ्या मुलाने दशक सुटे करून तेरातून आठ वजा केले, पाच लिहिले, पण सहा दशकांचे पाच झाले हे विसरला. सहातून दोन, चार. उत्तर तेच ४५.

पहिल्याला हातच्याची वजाबाकी कळलेलीच नाही. त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन, एक गठ्ठा सोडायला लावून पुन्हा सुरुवातीपासून शिकवावे लागेल. दुसऱ्याला रीत समजली आहे, एक पायरी निसटते आहे. त्याला दोन दिवसांचा सराव पुरेल. ९१ लिहिणाऱ्या तिसऱ्याला चिन्ह पाहायला शिकवायचे आहे. चॅटबॉटवर मात्र तिघांपुढे शून्यच दिसते.

म्हणून चाचणीचा खरा उपयोग उत्तरपत्रिकेत आहे, बेरजेच्या गुणांत नाही. कुठे पाहायचे ते चाचणी दाखवते. का चुकले हे कळण्यासाठी शिक्षकाला मुलाजवळ बसून 'तू हे कसे केलेस?' असे विचारावे लागते. गुण पाठवून उत्तरपत्रिका कपाटात बांधून ठेवली, तर सगळा खटाटोप वाया जातो.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. अशा शाळेत एका वर्गात आठ मुले असतील, तर एकाच मुलाचे गुण २० टक्क्यांवरून ८० झाले की वर्गाची सरासरी साडेसात टक्क्यांनी वाढते. त्या दिवशी दोन मुले गैरहजर असली तरी सरासरी हलते. छोट्या शाळेची टक्केवारी दुसऱ्या शाळेशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. तिथे नावानिशी प्रत्येक मूल पाहता येते आणि तेच पाहायला हवे.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर अनेक महिने गावात नसतात. त्यांची पायाभूत चाचणी झाली आणि दुसरी संकलित झालीच नाही, तर शाळेचा निकाल कदाचित चांगला दिसेल. शाळेची जबाबदारी मात्र वाढलेली असेल.

तिसरी गोष्ट, कोणत्या आकड्याला प्रगती म्हणायचे. 'असर'नुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर २०२२ मध्ये ती १६.३ टक्के झाली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आली. वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवे. पण दर चार मुलांतली तीन अजून त्या पायरीच्या खाली आहेत, हेही त्याच आकड्यात आहे. समितीने दोन्ही वाक्ये वाचावीत.

शिक्षकांचे म्हणणे ऐकायला हवे

चाचण्यांविषयी शिक्षकांच्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रास्त आहेत. दोन शिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. चाचणी घेणे, तपासणे, प्रत्येक मुलाचे प्रश्नवार गुण भरणे, त्यात नेटवर्क नसणे, हे सगळे त्याच्याच अंगावर येते. २०२४-२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा आणि चाचण्यांचे वेळापत्रक राज्यभर एकच करून ते २५ एप्रिलपर्यंत लांबवले, तेव्हा शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी विरोध केला. विदर्भातील एप्रिलचे ऊन आणि निकाल लावायला उरणारे थोडे दिवस, ही त्यांची कारणे होती.

कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तरीही कागदपत्रांचा आणि ऑनलाइन माहितीचा भार वाढतच आहे. निकालाविषयी शिक्षकांना प्रश्न विचारणाऱ्या समितीने त्यांचा हा वेळ वाचवण्यासाठी वर पत्रेही लिहायला हवीत. प्रश्न आणि पाठबळ बरोबरच जावे. नुसते प्रश्न विचारले, तर शिक्षक निकाल चांगला दाखवण्याच्या मागे लागतील आणि खरे चित्र कोणालाच दिसणार नाही.

पाचवी आणि आठवीचा नाजूक प्रश्न

वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला कायद्याप्रमाणे जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत त्याची पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही ते अनुत्तीर्ण झाले, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही.

सारा प्रश्न त्या दोन महिन्यांचा आहे. ते उन्हाळी सुटीत येतात. शिक्षक गावाला, मूल मामाकडे किंवा कामावर. मग जादा मार्गदर्शन कागदावर होते आणि पुनर्परीक्षेत मूल पुन्हा तिथेच अडते. एकदा मागे राहिलेली, वयाने मोठी झालेली मुलगी घरी बसवली जाण्याची भीती खेड्यात खरी आहे. ती टाळायची, तर पाचवीची तयारी तिसरीतच सुरू व्हायला हवी. पायाभूत चाचणी जुलैत सांगते की हे मूल वाचत नाही. ते ऐकून नऊ महिने काही केले नाही आणि एप्रिलमध्ये मुलाला नापास ठरवले, तर तो शाळेचा आणि समितीचा निकाल आहे, मुलाचा नाही.

बैठकीत विचारायचे प्रश्न

चाचणीनंतरच्या पहिल्या बैठकीत विषयपत्रिकेवर 'चाचणी निकाल व पुढील कृती' हा स्वतंत्र विषय घ्यावा. मुलांची नावे जाहीर वाचू नयेत. वर्गनिहाय संख्या पुरते. त्या-त्या मुलाविषयीचे बोलणे त्याच्या पालकांशी एकट्यात व्हावे. विचारायचे प्रश्न साधे आहेत:

१. त्यांच्या इयत्तेचा सोडा, साधा छोटा उताराही किती मुलांना वाचता येत नाही?
२. गणितात सर्वाधिक मुले कोणत्या प्रकारच्या उदाहरणात अडली?
३. मागील चाचणीत मागे असलेल्यांपैकी किती मुले पुढे आली?
४. चाचणीच्या दिवशी कोण गैरहजर होते आणि त्यांची चाचणी नंतर घेतली का?
५. मागे राहिलेल्या मुलांसाठी रोज किती वेळ, कोण आणि काय शिकवणार?
६. त्यासाठी शिक्षकांना काय हवे आहे? पुस्तके, साहित्य, गावातील कोणाची मदत, की एका कामातून सुटका?

या उत्तरांची नोंद इतिवृत्तात व्हावी आणि पुढच्या बैठकीत तीच नोंद आधी वाचली जावी. पाचव्या आणि सहाव्या उत्तरातील कामे शाळा विकास आराखड्यात घालावीत. याला पैसे लागत नाहीत. फक्त पोषण आहाराच्या धान्यसाठ्याइतकेच गांभीर्य मुलांच्या वाचनालाही द्यावे लागते.

पालकांना विनंती

तुमचे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर समितीचे सदस्य कोण आहेत ते विचारा आणि पुढची बैठक कधी आहे ते पाहा. सदस्य असाल, तर प्रोसिडिंगवर सही करण्याआधी निकालाचा विषय चर्चेला आला का, ते तपासा. मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि गुणांच्या आधी चुका पाहा. आणि रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला सांगून शेजारी बसा. मूल कुठे अडते, हे त्या दहा मिनिटांत आईवडिलांनाही ऐकू येते, मग त्यांना स्वतःला वाचता येवो वा न येवो.